अंगणातलं झाड उतरवताना

आमच्या घराचा पत्ता सांगायला घर नंबर कधी लागलाच नाही. वसई स्टेशनहून निर्मळकडे येणाऱ्या रिक्षावाल्याला 'ते उंच ख्रिसमस ट्री आहे ना, त्याच्या मागे' एवढं सांगितलं की पुरे. कुरियरवाला, गॅसवाला, पत्रिका घेऊन येणारे पाहुणे, सगळे झाडाच्या शेंड्याकडे बघत बघत आमच्या दारात यायचे. सत्तर फुटांचं झाड होतं ते. म्हणजे सहा मजली इमारतीएवढं! गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही ते काढलं. तेव्हापासून पत्ता सांगताना मी अजून चाचरते.

झाड माझ्या सासूबाईंनी लावलेलं. १९७८ साली. माझे मिस्टर तेव्हा पोटात होते. सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) पहाटेच्या गाडीने मोगरा घेऊन दादरला जायच्या. वाडीतला मोगरा, केळी, कधी पालेभाजी. एक दिवस फुलं लवकर संपली, तर भायखळ्याला नातलगाकडे गेल्या आणि येताना एका नर्सरीतून कुंडीतलं रोप घेऊन आल्या. हातभर उंचीचं. भायखळ्याहून दादर, दादरहून वसई, गर्दीच्या गाडीत, सातव्या महिन्यात, रिकामी टोपली डोक्यावर आणि कुंडी मांडीवर. ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून दर नाताळला मी ऐकत आले आहे. त्यामुळे झाड आणि माझे मिस्टर एकाच वयाचे. आई गमतीने म्हणायच्या, "एकाला वाढवायला जास्त त्रास झाला. कुठल्या एकाला ते विचारू नको."

माझ्या माहेरी असं झाड नव्हतं. आम्ही मुलं नाताळच्या आदल्या दिवशी समुद्रावरच्या सुरूच्या बनातून फांदी आणायचो, मातीच्या कुंडीत रोवायचो आणि तिलाच ख्रिसमस ट्री म्हणायचो. सुरू दिसतो तसाच, सुया असल्यासारखा. पण तो या जातीचा नाही. तो फुलझाडांच्या कुळातला. त्याच्या त्या सुया म्हणजे पानं नव्हेत, बारीक हिरव्या काड्या आहेत. अंगणात लावतात ते मात्र खरं सूचिपर्णी. दूर प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. एक जात नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची. या दुसरीला कॅप्टन कूकच्या नावावरून कूक पाईन म्हणतात. आपल्या नर्सरीत दोन्ही 'ख्रिसमस ट्री' याच नावाने विकली जातात, आणि कुंडीत असताना ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

आमचं कूक पाईन होतं, हे मला फार उशिरा कळलं. ते का महत्त्वाचं, ते पुढे सांगते.

पहिली खूण

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, ते इकडच्या कुणी विसरलेलं नाही. गाड्या बंद, वीज बंद, दुधाची पिशवी मिळेना. आमच्या अंगणात चार दिवस पाणी साचून होतं. त्याच्या आदल्याच वर्षी आम्ही अंगणात भराव घालून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते. चिखल नको, गाडी लावायला सोय, दिसायलाही छान! झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर माती चढली आणि त्यावर सिमेंटचे ठोकळे. मुळांनाही श्वास लागतो हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वर हवा बंद आणि खाली पाणी तुंबलेलं. आज मला वाटतं, झाडाचं दुखणं तिथे सुरू झालं. झाड काही त्या वर्षी मेलं नाही. झाडं अशी पटकन मरत नाहीत, म्हणून तर आपण फसतो.

मग १७ मे २०२१. तौक्ते वादळ मुंबईजवळून वर गुजरातकडे गेलं, त्या दिवशी वसईत किती झाडं पडली याची मोजदाद नव्हती. केळीच्या बागा आडव्या, विजेचे खांब वाकलेले. आमच्या झाडाचा वरचा आठ-दहा फुटांचा शेंडा मोडून शेजाऱ्यांच्या पडवीवर पडला. कौलं फुटली, माणूस वाचला. आई म्हणाल्या, "येईल परत शेंडा." पण या जातीचं झाड एका सरळ शेंड्यावर वाढतं. तो गेला की पहिल्यासारखा सरळ शेंडा सहसा परत येत नाही. आंबा-फणसासारखं बाजूने फुटून डेरेदार होणं याच्या नशिबी नसतं.

त्यानंतर दरवर्षी वरचा एकेक थर तांबूस होत गेला. या झाडाच्या फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या एका पातळीत चहूबाजूंनी निघतात, मग थोडं नुसतं खोड, मग पुन्हा फांद्यांचं चक्र. त्यामुळे मरण वरून खाली उतरताना अगदी मोजता येत होतं. बुंध्यावर राळेचे ओघळ आले. पावसाळ्यात मुळाशी तपकिरी भूछत्रं उगवली, लाकडाला चिकटून, कपाटाच्या फळीसारखी. पोरांना मजा वाटली. मला मात्र ते बघून पोटात गोळा आला होता. ती भूछत्रं बुंध्याशी दिसली, तर आतलं लाकूड कुजायला लागलं असेल असं समजावं आणि जाणकाराला दाखवावं. ही गोष्ट आंब्यालाही लागू आणि गुलमोहरालाही.

आईंचा नकार

घरात विषय काढला तर आई उठून आत जायच्या.

त्यांचंही बरोबर होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, तेव्हा मोर्चात गेलेल्या बायकांपैकी आई एक. वाड्या वाचल्या पाहिजेत, विहिरी आणि बावखलं वाचली पाहिजेत, म्हणून उन्हात चाललेली बाई. तिला तिच्याच हातचं झाड तोडूया असं सुनेनं सांगायचं! एकदा त्या चिडून म्हणाल्या, "मी म्हातारी झाले, मलाही काढून टाका मग." यावर बोलणार काय?

मला मात्र रात्री वारा सुटला की झोप लागत नसे. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेवर रस्त्याकडेचं नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. त्याचं चित्रण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या गल्लीतून सकाळी सात वाजता शाळेची मुलं जातात. शेजारी दोन वर्षांची नात आहे.

आणि झाड घराकडे झुकलेलं होतं. आम्हाला वाटायचं वाऱ्याने झुकलं असेल. माझ्या भाचीने, ती बॉटनी शिकते, एक दिवस सांगितलं, "मामी, हे कूक पाईन आहे. हे झुकणारच, आणि दक्षिणेलाच झुकणार." २०१७ साली 'इकॉलॉजी' नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात यावर संशोधन आलं होतं. पाच खंडांतली अडीचशेहून जास्त कूक पाईन झाडं मोजली, तर विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या देशांत ती दक्षिणेला झुकलेली आणि दक्षिणेकडच्या देशांत उत्तरेला. म्हणजे जगात कुठेही लावा, झाड विषुववृत्ताकडे कलतं. सरासरी कल साडेआठ अंशांचा, पिसाच्या मनोऱ्याच्या दुप्पट. का, ते नक्की उलगडलेलं नाही. आमचं अंगण घराच्या उत्तरेला. म्हणजे घर झाडाच्या दक्षिणेला. मी वहीवर हिशेब मांडला. सत्तर फूट उंची आणि साडेआठ अंश कल, म्हणजे वरचं टोक बुंध्यापासून दहा फूट आमच्या छपराकडे सरकलेलं. बरोबर आईंच्या खोलीच्या दिशेने.

त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "चांगलंय. माझ्याकडेच बघतंय."

आठ मिनिटांत पाडून देतो

तरी मी चौकशी सुरू केली. पहिला माणूस आला, त्याने वर बघितलं, तंबाखू चोळली आणि म्हणाला, "बुंध्यावर कापू, दोर लावून ओढू, आठ मिनिटांचं काम." कुठे पाडणार? दक्षिणेला घर. उत्तरेला गल्ली आणि विजेच्या तारा. पूर्वेला शेजाऱ्यांची पडवी, आधीच एकदा फुटलेली. पश्चिमेला विहीर. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, फक्त सगळ्यात कमी आकडा होता. तिघांनी तीन आकडे सांगितले, आणि सगळ्यात कमी नि सगळ्यात जास्त यांच्यात तिपटीचा फरक. खरं सांगते, मन स्वस्ताकडे ओढ घेत होतं. घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे होते ते.

आमच्या वाडीतला माडावर चढणारा गडीही बोलावला. तो चाळीस-पन्नास फुटांच्या माडावर डोळे झाकून जातो. त्याने नुसतं बुंध्याला टकटक केलं आणि मान हलवली. माडाचं खोड लवतं, हे तुटतं, असं म्हणाला. शहाणा माणूस.

तिसरे होते ते मामा. वसई पूर्वेच्या डोंगराकडच्या पाड्यातले, साठीचे, हातात कोयता आणि कानाला अर्धी विडी. सोबत मुलगा, पुतण्या आणि दोघी बायका. मामांनी झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. कोयत्याच्या मागच्या बाजूने बुंधा ठोकत गेले आणि एका जागी थांबून पुन्हा ठोकलं. आवाज बद्द आला. मग वर बघत बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "पाडायचं नाही. उतरवायचं."

मग जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. आई पडवीत बसल्या होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून बोलले की सहज, कोण जाणे. "खालच्या अंगाला अजून जीव आहे. आत्ता माझा पोरगा वर जाईल. अजून एक पावसाळा गेला ना, लाकूड मरेल, मग मी त्याला चढवणार नाही. कुणीच आपला पोरगा चढवू नये."

पोरगा तिथेच उभा होता. एकवीस-बावीसचा असेल. मोबाईलमध्ये डोकं घालून हसत होता.

मेलेल्या झाडावर चढणं जिवंत झाडापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं, हे मला त्या दिवशी कळलं. दोर कशाला बांधायचा? ज्या फांदीला, ज्या खोडाला बांधायचा तेच आतून भुसभुशीत. करवत लागली की हादऱ्याने दुसरीकडूनच काहीतरी तुटून खाली येतं. म्हणजे आपण मायेपोटी वर्ष-दोन वर्षं थांबतो, तो धोका नुसता आपल्या छपराला नसतो. वर चढणाऱ्या कुणाच्या तरी मुलाला असतो.

आईंनी त्या पोराला पाणी नेऊन दिलं. नाव विचारलं. लग्न झालं का विचारलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पावसाच्या आत करून घ्या." बस्स, एवढंच.

कागद

स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं, मरायला टेकलेलं झाड, तरी शहरी भागात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा झाडं जतन करण्याचा कायदा आहे, आणि आमचं गाव महापालिकेच्या हद्दीत. अर्ज, घरपट्टीची पावती, झाडाचे चारी बाजूंनी काढलेले फोटो. भूछत्रांचा आणि तांबूस शेंड्याचा फोटो जवळून काढा, तो उपयोगी पडतो. मग पाहणी. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. आमचं पन्नाशीच्या थोडं अलीकडचं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावण्याची तरतूदही याच दुरुस्तीतली. हे ऐकून आमच्या घरचे हबकले होते. आई मात्र पहिल्यांदा खुश दिसल्या. कुठे काय लावायचं याची यादी करायला बसल्या. फणस, सोनचाफा, बकुळ, बांधावर माड…

यात दोन-अडीच महिने गेले. म्हणून सांगते, वादळाच्या बातम्या सुरू झाल्यावर अर्ज करू नका. दिवाळी झाली की करा.

तारांसाठी वीज कंपनीला वेगळं पत्र द्यावं लागतं. कामाच्या दिवशी लाईनमनने येऊन लाईन बंद केल्याशिवाय मामांनी पोराला पहिली फांदीसुद्धा कापू दिली नाही.

चार दिवस

पहिला दिवस नुसत्या फांद्यांचा. पोराच्या पायाला लोखंडी काटे, कंबरेला पट्टा आणि दोन दोर. दोन का? करवत चुकून एका दोराला लागली तर दुसरा असावा म्हणून. तो खालून वर जात होता आणि जाताना एकेक चक्र साफ करत होता. चक्क सोलून काढल्यासारखं झाड दिसायला लागलं. त्या दोघी बायका खाली फांद्या ओढून मोळ्या बांधत होत्या. एकीच्या पायाला चप्पल नव्हती, त्या वाळलेल्या पानांची टोकं टोचतात. आईंनी आपल्या चपला दिल्या.

एक सांगून ठेवते. ही वाळलेली पानं राळेने भरलेली असतात, काडी लागली की भडका. आमची पोरं शेकोटी करायला निघाली होती, मामा ओरडले. चुलीतही घालू नका, धूर डोळ्यांत जातो नि भांडी काळीकुट्ट होतात.

दुसऱ्या दिवशी उरलेला शेंडा. खाली गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं उभी, शेजारी घरातून बाहेर. पोराने ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खोडात पाचरीसारखी खाच घेतली, मग मागच्या बाजूने, खाचेच्या जरा वर, करवत घातली. पूर्ण कापायचं नाही. मध्ये दोन बोटं लाकूड ठेवायचं, दाराच्या बिजागरीसारखं. मग खालून पुतण्याने दोर ताणला. शेंडा हळूच वाकला, मोडला आणि अंगणात अंथरलेल्या केळीच्या सोटांवर येऊन पडला. केळीचे सोट आमच्याच वाडीतले, घड उतरवून झालेले. त्यांच्याइतकी चांगली गादी नाही! फरशी फुटत नाही आणि लाकूड उसळत नाही.

वर उरलेलं खोड गदगदा हललं. पोरगा त्याला मिठी मारून होता. मी डोळे मिटले. आई बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी खरं ओझं सुरू झालं. आपल्याला ओझं म्हणजे उंची वाटते, पण ओझं जाडीत असतं. खोडाची जाडी दुप्पट झाली की वजन दुप्पट नाही, चौपट होतं. वर जिथे खोड फूटभर रुंद होतं, तिथे एक फूट लांबीचा तुकडा साधारण अठरा किलो. दोन फूट रुंदीला तोच सत्तर किलोच्या घरात. बुंध्याशी अडीच फूट रुंद, तिथे एका फुटाला शंभरच्या वर. पाच फुटांचा ओंडका म्हणजे अर्धा टन! ओल्या लाकडाचं वजन घनफुटाला वीस-पंचवीस किलो धरा आणि हिशेब करा. सबंध खोड तीन टनांच्या आसपास भरलं.

वरचे ओंडके दोराने उतरवले. कप्पीतून दोर खाली आणून बुंध्याला तीन वेढे दिले आणि टोक मामांच्या हातात. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकटा म्हातारा माणूस शंभर किलो सावकाश सोडत होता. विहिरीवर भरलेली कळशी ज्यांनी उतरवली आहे त्यांना हे सांगायला नको. पण एक ओंडका कापल्यावर हातभर खाली पडून मग दोराला हिसका बसला. पडत्या वजनाचा हिसका मूळ वजनाच्या कितीतरी पट असतो. दोर टिकला, गाठ सरकली. ओंडका सुटला आणि जमिनीत वीतभर रुतला. पेव्हर ब्लॉकचे तुकडे उडाले. कुणाला लागलं नाही. आई रोज दुपारी मोगऱ्याचे गजरे करत जिथे बसतात, बरोबर ती जागा.

मामांनी काम थांबवलं. पोराला खाली बोलावलं, चहा पाजला. म्हणाले, "आता क्रेन."

चौथ्या दिवशी हायड्रा आली. हायड्राचं एक गणित आहे, तेही बायकांना माहीत असावं, कारण बोलणी आपल्यालाच करावी लागतात. 'बारा टनाची' म्हणतात ती अगदी जवळचं वजन उचलताना. हात जितका लांब आणि आडवा करत जाल तितकी ताकद झपाट्याने कमी होते. त्यामुळे गाडी कुठे उभी राहणार हे आधी बघायचं. आमच्या फाटकातून आत येऊन डावीकडे सेप्टिक टँकची लादी आहे, वरून पेव्हर ब्लॉक, म्हणून दिसत नाही. चालक सरळ तिकडेच वळला. मी धावत जाऊन आडवी उभी राहिले. दहा-बारा टनांची गाडी त्या लादीवर चढली असती तर काय झालं असतं, विचार करा. घरात टाकी कुठे, पाण्याची लाईन कुठून जाते, हे पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं. खडूने रेघ मारून ठेवा.

आता आधी ओंडक्याला पट्टा, तो क्रेनने हलका ताणून धरायचा, आणि मग करवत. हिसका नाही, झोका नाही. तासाभरात उरलेलं खोड खाली आलं. जमिनीपासून दोन फुटांचा बुडखा ठेवला, कारण मुळं टाकीच्या भिंतीला भिडली होती.

लाकूड

अंगणात तीन टन लाकूड पडलं होतं आणि फाटक सात फुटांचं.

वखारवाला आला. आम्हाला वाटत होतं, एवढं लाकूड, काहीतरी घसघशीत येतील. त्याने नखाने ओरखडा काढला. "हे काय सागवान आहे? खोक्यांचं लाकूड." वर गाठी फार, मध्ये कूज. मग मापं. घेराभोवती टेप लावायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग आणि गुणिले लांबी. हा वखारीतला जुना हिशेब, आणि यात खऱ्या लाकडापेक्षा साधारण एक पंचमांश कमी भरतं. फसवणूक नव्हे, साल आणि तुकडे वाया जातात म्हणून रीतच तशी. पण आपल्याला माहीत असलेलं बरं. शेवटी लाकडाच्या किमतीतून फक्त टेम्पोचं भाडं सुटलं. वाहतुकीसाठी काही पास लागतो का, तेही आधीच विचारून घ्यावं, लाकडाच्या जातीप्रमाणे नियम बदलतात. आणि पावसाच्या आत लाकूड हलवा. हे मऊ लाकूड ओलं राहिलं तर काही आठवड्यांत काळं-निळं पडतं, भुंगा लागतो, मागून वाळवी. वाळवीला घर आणि ओंडका यातला फरक कळत नाही.

ओंडके बाहेर काढायला लोखंडी पाईप खाली घालून पहारीने ढकलले. शेजारची मुलं, कॉलेजला जाणारी, आपणहून मदतीला आली. लहानपणी त्या झाडावर दिव्यांची माळ चढवायला यायची तीच ही.

टेम्पो भरत असताना आईंनी मामांना थांबवलं. एक चकती पाहिजे म्हणाल्या. मामांनी विचारलं, कुठली? आईंना काय सांगावं कळेना. मग मामांनीच, जिथून फांद्यांचं एक चक्र निघालं होतं, नेमकी त्या जागी करवत घातली. चार बोटं जाड चकती. पुसल्यावर बघतो तर काय, पांढरट लाकडात मधून चहूबाजूंना गेलेल्या तांबूस गाठी… अगदी चांदणी! नाताळला दारावर लावतो तशी. प्रत्येक फांदीचं मूळ पार खोडाच्या मध्यापर्यंत गेलेलं असतं, त्या गाठींची ती नक्षी. हवाई बेटांवर याच लाकडाचे पातळ, दिव्यासमोर धरले की उजेड झिरपणारे वाडगे बनवतात, असं भाचीने नंतर सांगितलं. आमचं तीन टन खोक्यांसाठी गेलं तोवर.

मामांचा पोरगा जाताना आईंच्या पाया पडला. आईंनी त्याच्या हातात काहीतरी कोंबलं, किती ते मी विचारलं नाही.

पेव्हर ब्लॉक आम्ही बुडख्याभोवतीचे काढून टाकले. आता तिथे नुसती माती आहे आणि पावसात चिखल होतो. सोनचाफ्याची दोन रोपं जगली, एक शेळीने खाल्लं. आईंच्या खोलीत आता दुपारपर्यंत उजेड असतो, त्यांना तो आवडत नाही, पडदा लावून घेतात.

चकतीला मे महिन्यापर्यंत चीर गेली. बाहेरची कड आधी सुकते आणि आक्रसते, म्हणून अशा चकत्या तडकतातच, मामांनी आधी सांगितलं होतं. चांदणीच्या एका टोकापासून मधोमध. मी विचारलं, "फेकून देऊ का?"

"असू दे," आई म्हणाल्या. "माठ ठेवायला होईल."